स्कॅनरवर टॅगचा ठोका ऐकू येत नाही, फक्त खरखर येते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरकडे उसाच्या पट्ट्यात पकडलेल्या घोणसा पुन्हा सोडल्यावर कुठे जातात, याचा अभ्यास तुमच्या मॅडम वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन करताहेत. सापांच्या शरीरात बसवायचे छोटे रेडिओ टॅग आले आहेत. टेलिमेट्रीचा, म्हणजे टॅगच्या सिग्नलवरून प्राण्याचा माग काढण्याचा, खरा रिसीव्हर एकच आहे आणि तो मॅडमकडे असतो. तुमच्याकडे हौसेने घेतलेला हातात मावणारा स्कॅनर, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकायचा रेडिओ, आहे. त्यात टॅगवर छापलेली 150.432 मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी टाकली, टॅग टेबलावर समोर ठेवला, तरी टिक-टिक काही येत नाही. स्कॅनर बिघडलाय की टॅग? आणि शेवटी जाता जाता विचारलंय की ताडोबातल्या कॉलरवाल्या वाघांचा सिग्नल यावर मिळेल का.

बहुतेक तुमचा स्कॅनरही चांगला आहे आणि टॅगही. पण या प्रश्नाच्या आत दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे धरले पाहिजेत. ठोका ऐकू येणं ही एक गोष्ट. त्या ठोक्यावरून साप कुठल्या बाजूला आणि किती लांब आहे हे कळणं ही दुसरी. पहिली गोष्ट साध्या स्कॅनरवर थोड्या खटपटीने जमते. दुसऱ्या गोष्टीत हौशी स्कॅनर फसवतो, आणि समोर घोणस असताना ते फसवणं परवडत नाही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ठोका का येत नाही ते बघू. टॅग काही बोलत नाही. पोलिसांचा वॉकीटॉकी किंवा विमानतळाचा टॉवर जेव्हा प्रसारण करतो तेव्हा त्या लहरीवर आवाज चढवलेला असतो आणि तुमचा स्कॅनर तो उतरवून स्पीकरला देतो. टॅग मात्र ट्रकच्या इंडिकेटरसारखा नुसता लुकलुकतो. साधारण दर सेकंदा-दीड सेकंदाला एकदा, सुमारे 20 मिलिसेकंद, कोरी लहर सोडतो आणि गप्प बसतो. त्या लहरीवर उतरवण्यासारखं काहीच नसतं. टेलिमेट्रीच्या रिसीव्हरमध्ये जी 'टिक' किंवा 'पिप' ऐकू येते ती टॅगची नसतेच, ती रिसीव्हर स्वतः तयार करतो. त्याच्या आत स्वतःची लहर तयार करणारा एक छोटा ऑसिलेटर असतो, त्याला बीएफओ म्हणतात. टॅगची लहर आणि या ऑसिलेटरची लहर यांच्यातला फरक कानाला स्वर म्हणून ऐकू येतो.

साध्या स्कॅनरमध्ये एनएफएम (अरुंद एफएम), एएम आणि डब्ल्यूएफएम (रुंद एफएम) एवढेच मोड असतात. बीएफओ नसतो. एनएफएमवर टॅगची लहर आली की आवाज येत नाही, उलट खरखर क्षणभर बसते. म्हणजे तुम्हाला टिक ऐकायचीच नाहीये, खरखरीत दर सेकंदाला पडणारं एक बारीकसं भोक ऐकायचंय. आणि तेही स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय, पूर्ण उघडा असेल तरच. तुमचा स्क्वेल्च नेहमीच्या जागी बंद असणार. 20 मिलिसेकंदांत तो उघडून पुन्हा मिटेपर्यंत ठोका संपलेला असतो, किंवा फार तर एक 'चट्' येऊन जातं.

तर आता टेबलावर एवढं करून बघा. टॅगला चिकटवलेला लोहचुंबक आधी काढा. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण बहुतेक टॅग कारखान्यातून चुंबक लावूनच येतात आणि चुंबक असेपर्यंत टॅग बंद राहतो. पारदर्शक चिकटपट्टीखाली नखाएवढा काळा तुकडा असतो, पटकन दिसत नाही. तो काढला की टॅग सुरू झालेल्याची तारीख-वेळ वहीत लिहा, कारण बॅटरीचे दिवस तिथून मोजायचे असतात. मग स्कॅनर एनएफएमवर, स्क्वेल्च शून्यावर, आवाज थोडा मोठा, टॅग दोन-तीन मीटरवर. खरखरीत ठराविक तालावर खड्डे पडताना ऐकू येतील. मग एएम करून बघा. जवळच्या टॅगला एएमवर बोथट 'थप्' असा आवाज येतो आणि नवख्या कानाला तो सोपा वाटतो. चाचणी संपली की चुंबक पुन्हा लावायला विसरू नका.

तुमच्या स्कॅनरची पायरी 5 किलोहर्ट्झची असेल तर 150.432 नेमकं लागणारच नाही, 150.430 लागेल. एनएफएमवर तेवढ्याने काही बिघडत नाही. शिवाय टॅग स्वतःसुद्धा छापील आकड्यावर टिकून नसतो. तापमान बदललं की एक-दोन किलोहर्ट्झ सरकतो. म्हणून प्रत्येक टॅगचा 'खरा' आकडा टेबलावर एकदा आणि साप सोडल्यावर एकदा, असा दोनदा तपासून नोंदवायचा असतो. सापात बसवायच्या काही टॅगांत ठोक्यांचा वेग तापमानावर चालतो. साप उन्हात तापला की ठोके जलद, थंड बिळात गेला की संथ. तुमचे टॅग त्या प्रकारचे असतील तर घड्याळ लावून ठोके मोजणं हीच एक नोंद ठरते, आणि ते काम तुमच्या स्कॅनरवरही होतं.

स्कॅनरचं 'स्कॅन' बटण मात्र या कामात विसरून जा. स्कॅन करताना तो एका चॅनलवर सेकंदाचा काही शतांश भागच थांबतो. टॅग सेकंदाला एकदाच 20 मिलिसेकंद बोलणार, आणि त्याच क्षणी तुमचा स्कॅनर त्याच चॅनलवर असण्याची शक्यता शंभरात चार-पाच. पाच साप असतील तर पाच आकडे हाताने फिरवा आणि प्रत्येकावर निदान आठ-दहा सेकंद थांबा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय नाही.

हे सगळं टेबलापुरतं झालं. शेतात गेल्यावर एनएफएमची मर्यादा लगेच कळते. खरखर बसायला सिग्नल बऱ्यापैकी जोरदार लागतो. बीएफओ असलेल्या रिसीव्हरवर कानाला स्पष्ट कळणारा लांबचा बारीक ठोका एनएफएमवर खरखरीत पूर्ण बुडालेला असतो. त्याचं एक कारण म्हणजे एनएफएम साधारण 12 ते 15 किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा एकदम ऐकतो आणि बीएफओ वापरणारा एसएसबी (सिंगल साइडबँड) मोड अडीच-तीन किलोहर्ट्झचा. पट्टा रुंद तितकी त्यात घुसणारी खरखर जास्त. दुसरं कारण आपला कान. गोंगाटातून ठराविक तालावर येणारा बारीक स्वर माणसाचा कान फार छान वेचतो. गोंगाटातला बारीक खड्डा तेवढा वेचत नाही.

म्हणून तुम्हाला खरोखर उपयोगाचा दुसरा रिसीव्हर हवा असेल, तर त्यात यूएसबी, एलएसबी किंवा सीडब्ल्यू मोड आहे का एवढं आधी बघा. इथे यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, मोबाइलची केबल नव्हे. एलएसबी म्हणजे लोअर साइडबँड, हे दोन्ही एसएसबीचेच प्रकार, आणि सीडब्ल्यू म्हणजे कोरी लहर ऐकायचा मोड. जुन्यातले आयकॉमचा आयसी-आर10 किंवा एओआरचा एआर8200 हे असे हातातले रिसीव्हर आहेत आणि प्राण्यांच्या अभ्यासात ते वापरले गेले आहेत. अशा यंत्रावर 150.432 चा टॅग ऐकायचा तर यूएसबीवर 150.431 लावायचं, म्हणजे एक किलोहर्ट्झचा नीटस स्वर येतो. मग अर्धा-अर्धा किलोहर्ट्झ इकडेतिकडे करून तुमच्या कानाला सगळ्यात तीक्ष्ण वाटेल तिथे थांबायचं. हेडफोन लावा. उसाच्या पानांची सळसळ आणि मोटारीची घरघर चालू असताना स्पीकरवर हे काम होत नाही.

स्वस्तातला दुसरा मार्ग म्हणजे आरटीएल-एसडीआर नावाचा पेनड्राइव्हएवढा रिसीव्हरचा तुकडा. तो ओटीजीने मोबाइलला किंवा लॅपटॉपला लागतो. याचं मोठं सुख म्हणजे ठोका डोळ्यांनी दिसतो. पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या चित्रात प्रत्येक टॅग आपापल्या आकड्यावर तुटक रेघ ओढत जातो. दोन मेगाहर्ट्झचा सगळा पट्टा एकाच वेळी समोर असतो, त्यामुळे कुठला टॅग किती सरकलाय, कुठले दोन एकमेकांच्या फार जवळ आलेत, कुठला बंद पडलाय हे एका नजरेत कळतं. साप सोडण्यापूर्वी सगळे टॅग ओळीने लावून ही तपासणी जरूर करा. शेतात मात्र ते तितकं सोयीचं नाही. उन्हात पडदा दिसत नाही, लॅपटॉप स्वतःच रेडिओचा कचरा सोडतो, आणि जवळपास जोरदार प्रसारण असलं तर हे यंत्र लगेच गांगरतं.

आता दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न. दिशा कशी कळते?

सिग्नलचा जोर अँटेना फिरवल्यावर कमी-जास्त होतो, त्यावरून. तुमच्या स्कॅनरला तो जोर दाखवायची सवयच नाही. त्यात एजीसी असतो. तो लांबचा आवाज वर उचलतो आणि जवळचा खाली दाबतो, म्हणजे ऐकणाऱ्याला सगळं सारखं वाटावं. गप्पा ऐकायला हे उत्तम, साप शोधायला हे घातक. टेलिमेट्रीच्या रिसीव्हरवर गेनचं, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा याचं, वेगळं बटण असतं आणि आमचं निम्मं काम त्या एका बटणावर चालतं. ठोका मिळाला की गेन कमी करायचा, जेमतेम ऐकू येईल इतका, मग अँटेना फिरवायचा. पुढे सरकलं की पुन्हा गेन कमी. बटण कुठपर्यंत खाली आलंय त्यावरून अनुभवी माणसाला अंतराचा अंदाज येतो. स्कॅनरला फार तर अ‍ॅटेन्युएटरची, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करण्याची, एकच पायरी असते.

अँटेना म्हणजे स्कॅनरवरची रबरी शेपटी नव्हे. 150 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी दोन मीटर, म्हणून तीन काड्यांच्या यागीची, म्हणजे एका दिशेला रोखून ऐकणाऱ्या अँटेनाची, मुख्य काडी मीटरभराची होते. हौशी रेडिओवाले सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून यागी करतात. उसात, झुडपात पट्टी वाकते आणि पुन्हा सरळ होते, त्यामुळे मला ती शेतातल्या कामाला फार आवडते. त्यांची मापं 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी असतात. तुम्ही प्रत्येक तुकडा तीन-साडेतीन टक्के आखूड कापा.

ठोका सगळ्यात मोठा कुठे येतो ते शोधत बसू नका. यागीचा पुढचा भाग पसरट असतो, तिथे वीस-तीस अंश सारखंच वाटतं. त्याऐवजी डावीकडे फिरवत ठोका जिथे विरतो ती जागा समोरच्या झाडावर किंवा खांबावर धरा, उजवीकडे जिथे विरतो तीही धरा. दिशा त्या दोहोंच्या मध्यावर. मग जागा बदलून दुसरी रेघ घ्या, शक्यतो पहिलीला काटकोनाच्या जवळपास जाईल अशी, आणि तिसरी पडताळणीला. पाच अंशांची चूक सगळ्यांचीच होते. तीनशे मीटरवर ती सुमारे 26 मीटर होते, म्हणजे उसाच्या कितीतरी सऱ्या. त्यामुळे लांबून घेतलेल्या रेघांवर नकाशात बिंदू टाकून मोकळं होऊ नका.

यागी नसताना एक युक्ती चालते. स्कॅनर छातीशी धरून जागेवरच हळूहळू गोल फिरा. आपलं शरीर पाण्याने भरलेलं, ते सिग्नल अडवतं. ठोका सगळ्यात बारीक झाला की टॅग तुमच्या पाठीमागे. ही ढोबळ दिशा आहे, 'बांधाच्या अलीकडे की पलीकडे' एवढंच सांगणारी.

तुमच्या भागात आणखी दोन अडचणी येतील. वाढलेला, ओला ऊस हा सिग्नलचा शत्रू. शरीरात बसवलेल्या टॅगचा पल्ला तसाही काही शे मीटरच असतो. घोणस उंदराच्या बिळात शिरली की तो शंभराच्याही खाली येऊ शकतो. म्हणून सकाळी ठोका गेला की साप पळाला असं लगेच ठरवू नका. आधी उंच जागा गाठा. विहिरीचा कठडा, ट्रॉली, पाण्याची टाकी, जे मिळेल ते. दोन मीटर उंचीनेही फरक पडतो. आणि पश्चिमेला डोंगराकडे गेलात तर कातळाच्या कड्यांवरून ठोका परावर्तित होतो. कडा ठामपणे सांगतो की साप इथे आहे, आणि साप असतो तुमच्या पाठीशी. अशा जागी दोन रेघांवर कधीच भागवू नका.

आता सगळ्यात कळकळीचं. टॅगपासून पाच-दहा मीटरवर आल्यावर एजीसी असलेल्या स्कॅनरवर ठोका चारही बाजूंनी सारखाच दणदणीत येतो. अँटेना फिरवा, काही फरक नाही. खऱ्या रिसीव्हरवर अशा वेळी गेन तळाला नेता येतो. तुमच्याकडे अँटेना काढून टाकणं, आकडा पाच-दहा किलोहर्ट्झ सरकवून ऐकणं असे एक-दोन उपाय उरतात आणि ते कच्चे आहेत. पाचटाखाली वेटोळं घालून बसलेली घोणस दोन हातांवर असली तरी दिसत नाही. ती पळूनही जात नाही, बसून राहते, फुत्कारते, आणि कधी फुत्कारतही नाही. तेव्हा 'अजून लांब असेल' असं स्कॅनर सांगतोय म्हणून पाऊल पुढे टाकायचं नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांना माझा नियम असा: स्कॅनरवर जोरदार ठोका आला की तिथेच थांबायचं, जागा नोंदवायची आणि पुढचं अंतर गेनचं बटण असलेला रिसीव्हर हातात आल्यावरच कापायचं. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात लांब काठी, सोबत दुसरा माणूस, आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं हे आधीच माहीत. एखादी नोंद चुकली तर चुकू दे.

वाघांच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही तो कुतूहलाने विचारलाय, तसंच उत्तर देतो. आज प्राण्यांच्या अंगावर असतात ते टॅग ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक तुमच्या टॅगसारखा व्हीएचएफ, जमिनीवरून ऐकायचा. दुसरा उपग्रहाशी बोलणारा. तिसरा मोबाइलच्या जाळ्यातून माहिती पाठवणारा. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर बसवला तो दुसऱ्या प्रकारचा. ती श्वास घ्यायला वर आली की 401 मेगाहर्ट्झच्या आसपास सेकंदाहूनही कमी वेळाचा एक संदेश वर उपग्रहाकडे जातो. किनाऱ्यावर स्कॅनर घेऊन बसलं तर काही हाती लागत नाही. टिपेश्वरचा टी1सी1 वाघ 2019 मध्ये चालत ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, तेराशे किलोमीटरहून जास्त, तो प्रवास कळला तोही जीपीएस-उपग्रह कॉलरमुळे. अशा कॉलरमध्ये जमिनीवरून शोधायला व्हीएचएफ ठोकाही ठेवलेला असतो, पण बॅटरी वाचवायला तो बऱ्याचदा ठराविक तासांनाच चालू होतो.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या कधीतरी, कुठेतरी तो ऐकू येऊ शकतो. तरी मी त्याचे आकडे कुणाला देत नाही आणि तुम्हीही ते शोधू नका. कॉलर लावलेला प्राणी ज्याच्या हाती रिसीव्हर आहे त्याच्यापासून लपू शकत नाही. कॅनडात बॅन्फ आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानांत लोक रिसीव्हर घेऊन कॉलरवाल्या प्राण्यांचे फोटो काढायला त्यांच्यामागे लागू लागले, तेव्हा तिथे व्हीएचएफ रिसीव्हर वापरायलाच बंदी घालावी लागली. आपल्याकडे 2013 मध्ये 'पन्ना-211' या वाघाच्या कॉलरची माहिती मिळवण्यासाठी एका शास्त्रज्ञाच्या ईमेल खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, आणि तो पुण्यातून झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. हेतू शिकारीचा होता की निव्वळ उपद्व्याप होता, प्राण्याला धोका तोच. तुमच्या घोणसांचे आकडेही याच नियमाने जपा. टॅगच्या डबीचा फोटो समूहात टाकू नका. गावात एखाद्याला साप मारायचा असेल तर हाच आकडा त्याला वाट दाखवेल.

कायद्याचं थोडक्यात. साप पकडणं, त्याला टॅग बसवणं हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली परवानगीशिवाय करता येत नाही, आणि तुमच्या मॅडमकडे ती आहे. त्या परवानगीच्या कागदावर तुमचं नाव आहे का ते बघा. नसेल तर घालून घ्या. रेडिओ यंत्र नुसतं बाळगण्यासाठीही परवानगी लागते हे तत्त्व 1933 च्या कायद्यापासून चालत आलंय आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही आहे. काही यंत्रांना सूट असते, काहींना नसते. प्रकल्पाच्या फ्रिक्वेन्सीच्या परवानगीत तुमचा रिसीव्हर नोंदवता आला तर सगळ्यात स्वच्छ.

आता तुम्ही विचाराल की आत्ताच पैसे घालून एसएसबीवाला जुना रिसीव्हर घेऊ का. नको. आधी यागी बनवा, ती मॅडमच्या रिसीव्हरवरही लागेल. आरटीएल-एसडीआरचा तुकडा घ्या आणि टॅगांची तपासणी त्यावर करा. आहे तो स्कॅनर सकाळच्या फेरीला वापरा: कुठल्या शेताच्या बांधावरून कुठला टॅग ऐकू येतोय, ठोके किती वेगाने येताहेत, एवढं नोंदवायचं आणि बांधावरूनच परत फिरायचं. ऊसतोड सुरू व्हायच्या आत हे हाताशी बसलं पाहिजे. त्या दिवसांत घोणसा फडातून बाहेर निघतात, आणि फडात शिरणाऱ्या तोडणी कामगारांना सकाळीच सांगता आलं पाहिजे की टॅगवाली घोणस आज कुठल्या कोपऱ्यात आहे.